जुन्या गाडीचा रंग: घासायचा किती, ठेवायचा किती

छपाईच्या साध्या कागदाचं एक पान चिमटीत धरून बघा. त्याची जाडी साधारण 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, सगळे थर मिळून, याच्याच आसपास भरतो, फार तर दीडपट. पॉलिश करताना आपण ज्याला हात घालतो तो सगळ्यात वरचा पारदर्शक थर तर त्या पानाच्या निम्माच. जुन्या गाडीत त्यातलाही काही भाग ऊन, धूळ आणि आधीच्या मालकाची हौस यांनी खाल्लेला असतो.

आपण ‘पॉलिश मारलं’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. बुटाला पॉलिश मारतात तेव्हा खरोखरच वरून काहीतरी लावलेलं असतं: मेण आणि रंग. गाडीचं पॉलिश त्या कुळातलं नाही. त्याचं नातं सुताराच्या पॉलिश पेपरशी आहे. त्यात अत्यंत बारीक, कठीण कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि ते रंगाचा वरचा पापुद्रा कापून काढतात. चरे ‘भरून’ येत नाहीत. चऱ्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून चरा दिसेनासा होतो. थोडक्यात, प्रत्येक पॉलिश ही बँकेतल्या ठेवीतून काढलेली रक्कम असते आणि या खात्यात परत भरणा करता येत नाही. करायचाच तर गाडी पुन्हा रंगवावी लागते.

एवढं डोक्यात ठेवलं की घरी गाडी पॉलिश करणं अवघड नाही. वेळखाऊ मात्र आहे. पहिल्यांदा करणाऱ्यानं पूर्ण दोन दिवस हाताशी ठेवावेत.

पत्र्यावर नेमकं काय असतं

पत्र्यापासून वर येऊ. सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो. गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साह्याने तो चढवतात, म्हणून तो कानाकोपऱ्यात पोचतो. जाडी सुमारे 20 मायक्रॉन. त्यावर 30-40 मायक्रॉन प्रायमर. मग खरा रंग, तो जेमतेम 15-20 मायक्रॉन. सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर, साधारण 35 ते 50 मायक्रॉन. ओलेपणाचा भास देणारी चमक सगळी या शेवटच्या थराची. अतिनील किरण शोषून घेणारी रसायनंही यातच मिसळलेली असतात. त्यामुळे हा थर पातळ झाला की नुसती जाडी जात नाही, खालच्या रंगावरची छत्रीही विरते. आज झकास दिसणारी गाडी दोन-तीन उन्हाळ्यांनी छपरावर पांढरी पडू लागते ती यामुळे.

ही चार थरांची रचना 1980 च्या दशकात सर्रास झाली. त्याआधीच्या गाड्यांवर, आणि नंतरच्याही काही साध्या गाड्यांवर, रंग आणि चमक एकाच थरात असायची. अशा रंगावर पॉलिश केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागतो. लाल गाडी असेल तर फडकं लाल होतं आणि घरातले घाबरतात. घाबरायचं कारण नाही, तो एकेरी रंग आहे आणि मेलेला वरचा थर निघतोय. पण तुमच्या गाडीला क्लिअर कोट असेल आणि तरीही फडक्याला रंग लागला, तर तत्क्षणी हात थांबवा. तुम्ही छत्रीतून आरपार गेला आहात.

कोणता रंग आहे हे ओळखायला दाराच्या चौकटीच्या आतला किंवा डिकीच्या झाकणाखालचा कोपरा निवडावा. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन तो हलक्या हातानं चोळून पाहावा. अगदी जुन्या एकेरी रंगांत शिशाची संयुगं असू शकतात, तेव्हा अशी गाडी कोरडी घासू नये. पाणी वापरावं, मास्क लावावा, हात धुवावेत.

जुन्या गाडीचा आणखी एक गुण असा की तिचे सगळे भाग एका वयाचे नसतात. कधी दार बदललेलं असतं, कधी मागच्या बाजूला लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरून पुन्हा रंग मारलेला असतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर जरूर वापरावं. 100-140 आकडा आला तर मूळ रंग असण्याची शक्यता जास्त. 200 च्या वर गेला तर बहुधा पुन्हा रंगवलेला भाग. हजाराच्या वर गेला तर खाली लांबी आहे. आकडा एका जागी 90 आणि शेजारी 125 असेल तर 90 च्या जागी कोणीतरी आधीच भरपूर घासलंय. हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर कोट वेगळा किती ते नाही. प्लास्टिकच्या बंपरवर साधी यंत्रं चालतही नाहीत.

यंत्र नसेल तर डोळे आहेत. रबराच्या पट्टीवर रंगाचा फवारा, स्क्रूच्या डोक्यावरचा उडालेला रंग, दोन भागांच्या छटेतला किंचित फरक, हे सगळं बोलकं असतं.

गोल जाळी का दिसते

गडद रंगाच्या गाडीवर सूर्य किंवा दिवा पडला की त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघोट्यांची नक्षी दिसते. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी गोल-गोल पुसून हे चरे पाडले. तसं नसतं. चरे सगळ्या दिशांना, वेडेवाकडे पसरलेले असतात. पण दिव्याकडून आलेला प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत पोचवतात ते फक्त त्या दिव्याला आडवे असलेले चरे. बाकीचे प्रकाश भलतीकडे फेकतात, म्हणून दिसत नाहीत. सगळ्या आडव्या तुकड्यांचं मिळून वर्तुळ होतं. डोकं हलवा, जाळी तुमच्याबरोबर सरकते. घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या झाकणावर हीच गंमत दिसते.

हे समजलं की दोन गोष्टी उलगडतात. एक, गाडी ‘फिकी’ दिसते ती रंग उडाल्यामुळेच असं नाही. हजारो बारीक चरे प्रकाश विखुरतात आणि काळ्याचा राखाडी होतो. चरे गेले की तोच रंग खोल दिसू लागतो. दुसरी म्हणजे, चरे पडतात कुठून? त्याचा मुख्य गुन्हेगार गाडी धुण्याची आपली पद्धत. धुळीनं भरलेल्या पत्र्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे फुकटचा वॉटर पेपर. रोज सकाळी निष्ठेनं गाडी ‘पुसणारा’ माणूस तिचं जितकं नुकसान करतो तितकं महिनाभर न पुसणारा करत नाही, हे माझं ठाम मत आहे.

धुणं, आणि त्यानंतर न दिसणारी घाण

धुण्यात एकच तत्त्व: घाण आधी पाण्यानं जाऊ द्या, हात सगळ्यात शेवटी लावा. गाडी सावलीत, बॉनेट हाताला थंड लागेल अशी. आधी चाकं, वेगळ्या बादलीनं आणि वेगळ्या ब्रशनं, कारण तिथली घाण सगळ्यात खरखरीत असते. मग भरपूर पाणी मारून सैल धूळ उतरवायची. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच परत शॅम्पूत. वरून खाली यायचं, कारण चाकांच्या बाजूच्या पट्ट्यावर सगळ्यात जास्त वाळू असते. सरळ रेषेत, दाब न देता. पुसताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून हलकेच टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. भांड्यांचा साबण जुनं वॅक्स आणि ग्रीज काढायला बनल्यासारखाच आहे, पण रबर आणि प्लास्टिकला तो कोरडं करतो. पॉलिशच्या आधी एकदा चालेल, एरवी नको.

धुऊन झाल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बोटं बॉनेटवरून फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून वाळूसारखा खरखरीत लागतो. ही रंगात रुतून बसलेली घाण: ब्रेकमधून उडालेला लोखंडाचा चुरा, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, शेजारी कोणी रंगकाम केलं असेल तर त्याचे कण. शॅम्पूनं ती निघत नाही आणि ती तशीच ठेवून पॉलिश केलं तर निघालेला प्रत्येक कण पॉलिश घासायच्या पॅडखाली सापडून नवे चरे पाडतो.

लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होऊन ओघळू लागतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सोडतो. पांढऱ्या गाडीवर हे दृश्य बघण्यासारखं असतं, म्हणजे वास सोडून. वाळू द्यायचा नाही, काही मिनिटांत भरपूर पाण्यानं धुवायचा. डांबराला टार रिमूव्हर. शेवटी क्ले बार, ही चिकणमातीसारखी मऊ लगदी. तिचा चपटा गोळा करून, पत्र्यावर भरपूर वंगणपाणी फवारून, जवळजवळ वजन न देता घसरवायचा. आधी खरखर जाणवते, मग आवाज थांबतो, गोळा सुळकन सरकतो. गोळ्याला घाण लागली की मळून नवी बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, कितीही जीव तुटला तरी. क्लेमुळे स्वतःचे बारीक चरे पडतात, म्हणून पॉलिश करायचंच नसेल तर उगाच क्ले फिरवत बसू नये.

पाण्याचे पांढरे डाग वेगळे. ते पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. ताजे असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरनं विरघळतात, मग लगेच धुऊन टाकायचं. पक्ष्याच्या विष्ठेचा डाग त्याहून वाईट. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो, वरची विष्ठा वाळताना आक्रसते, तिची रसायनंही खात असतात, आणि थंड झाल्यावर तिथे खळगा उरतो. तो डाग नाही, आकार आहे. पुसून जायचा प्रश्नच नाही. उथळ असेल तर पॉलिशनं सपाट होईल, खोल असेल तर तसाच राहील.

तीन डब्यांचा गोंधळ

कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स या तीन शब्दांनी जेवढी माणसं फसली तेवढी दुसऱ्या कशानं नसतील. कंपाउंड म्हणजे जाड कापणारा. खोल चरे, पांढरट पडलेला थर काढतो, पण मागे स्वतःची धूसर झाक ठेवतो. पॉलिश म्हणजे बारीक कापणारा, ती झाक काढून आरसा करतो. वॅक्स काहीच कापत नाही, ते वरून बसणारं संरक्षण. पहिले दोन काढतात, तिसरा लावतो. बाजारात चौथाही एक प्रकार दिसतो, ग्लेझ. त्यात तेलं असतात, ती चरे तात्पुरते भरतात, आणि दोन-चार धुण्यांत चरे परत हजर होतात. गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी ग्लेझ फार लोकप्रिय असतं. जुनी गाडी घेणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

हलक्या पॉलिशनं एखाद-दुसरा मायक्रॉन निघतो, जोरदार कंपाउंड आणि लोकरी पॅडनं त्याच्या कितीतरी पट. म्हणून नियम असा की सगळ्यात सौम्य जोडीनं सुरुवात करायची: मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन टेपनं आखायचा, तेवढ्याच जागेवर करून पाहायचं. पुरेसं झालं तर संपूर्ण गाडी त्याच जोडीनं. नाही झालं तर आधी पॅड थोडं कडक घ्यायचं, तरी नाही तर कंपाउंड. ही चाचणी लोकांना कंटाळवाणी वाटते. थेट जाड कंपाउंड घेऊन भिडण्याची खुमखुमी येते. ती आवरावी. एकाच गाडीवरही मूळ रंग आणि नंतर मारलेला रंग वेगळे वागतात, तेव्हा संशयास्पद भागावर चाचणी वेगळी करावी.

चाचणीनंतर बघायचं कसं, हेही महत्त्वाचं. कंपाउंड आणि पॉलिशमध्येही थोडी तेलं असतात आणि ती चरे झाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून 10 ते 15 टक्क्यांचं द्रावण करायचं, ते फवारून पुसायचं, आणि मग टॉर्चचा प्रकाश तिरका टाकून पाहायचं. ट्यूबलाइटखाली प्रत्येक गाडी सुंदर असते.

यंत्र: कोणतं आणि कसं

हातानंही पॉलिश होतं, पण बॉनेट संपेपर्यंत खांदा हात जोडतो आणि काम एकसारखं होत नाही. एकेरी रंगाची छोटी गाडी असेल तर हातानं करण्यात मजा आहे. बाकी यंत्र घ्यावं, आणि ते ड्युअल ॲक्शन प्रकारचं.

यंत्रं मुख्यतः दोन. रोटरी नुसतं गोल फिरतं, एकाच आसाभोवती. वेगानं कापतं, पण सगळी उष्णता एका जागी साठते. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी सगळंच लहानशा वर्तुळात हलतं, 8, 15 किंवा 21 मिलिमीटरच्या. त्यामुळे एकाच बिंदूवर एकसारखं घर्षण होत नाही. जास्त दाबलं तर बहुतेक यंत्रांत पॅडचं फिरणं आपोआप थांबतं आणि नुसती थरथर उरते. नवशिक्यासाठी हीच त्याची थोरवी. पॅडच्या मागच्या चकतीवर मार्करनं एक रेघ ओढून ठेवावी. चालू यंत्रात ती रेघ फिरताना दिसली तर काम होतंय. रेघ एका जागी थरथरत असेल तर दाब जास्त झालाय किंवा पॅड वाकडं टेकलंय.

आता माझी गोष्ट. पहिलं पॉलिश मी उसन्या रोटरीनं केलं. बॉनेटचा मध्यभाग इतका सुरेख निघाला की अंगात वारं शिरलं. कडेच्या उंचवट्यावर यंत्र जेमतेम दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळलं असेल. जळका वास आला, उचललं, तर नाण्याएवढी जागा राखाडी. क्लिअर कोट गेला, रंग गेला, खालचा प्रायमर माझ्याकडे बघत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. रंग नेहमी कडांवर आणि उंच रेघांवर सगळ्यात पातळ असतो, कारण ओला असताना तो तिथून ओघळतो, आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच एकवटतो. तेव्हापासून मी प्रत्येक कडेला, बॉनेटच्या घडीला, दाराच्या तोंडाला मास्किंग टेप लावल्याशिवाय यंत्राचं बटण दाबत नाही. त्या पट्टीखालचे चरे राहतात. राहू देत.

टेप काळ्या प्लास्टिकला आणि रबरी पट्ट्यांनाही लावायची. पॉलिश त्या खडबडीत प्लास्टिकमध्ये वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात.

मग प्रत्यक्ष काम. नव्या पॅडला आधी थोडं पॉलिश चोळून घ्यायचं, म्हणजे ते कोरडं राहत नाही. त्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून थेंब पसरवायचे, नाहीतर चालू करताच भिंतीवर, चष्म्यावर, सगळीकडे ठिपके. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून मोठा भाग घ्यायचा नाही. यंत्र सपाट धरायचं, हात अगदी सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. हे सावकाश म्हणजे किती सावकाश याचा अंदाज पहिल्यांदा कोणालाच येत नाही. बघणाऱ्याला वाटावं हा झोपलाय, तो वेग बरोबर. आधी आडव्या ओळी, निम्म्या एकमेकांवर चढणाऱ्या, मग त्यावर उभ्या ओळी. असे चारेक फेरे. यंत्राच्या वेगाचा आकडा बहुधा चार-पाचवर. मध्येच हाताची पाठ पत्र्याला लावून पाहायची: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबायचं. प्लास्टिकचे बंपर उष्णता लवकर सोडत नाहीत, तिथे फेरे कमी.

प्रत्येक भाग झाला की पॅड ब्रशनं झाडायचं. निघालेला रंग आणि वापरून झालेले कण पॅडमध्ये साचतात, आणि तसंच पुढे गेलो तर कापण्याऐवजी चिखल फिरवत बसतो. एका गाडीला निदान चार-पाच पॅड लागतात. एकावर भागवू पाहणारे अर्ध्या गाडीनंतर ‘या पॉलिशमध्ये दम नाही’ म्हणतात.

कुठे हात लावायचा नाही

नखाची कसोटी सोपी आहे. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल, बहुधा क्लिअर कोटच्या तळाशी किंवा त्याच्याही खाली गेलाय. तो पूर्ण घालवायच्या नादात आजूबाजूचा अख्खा थर संपेल. त्याच्या धारदार कडा हलक्या पॉलिशनं गोल केल्या की तो कमी चमकतो, दोन पावलांवरून लक्षात येत नाही. बस, एवढंच अपेक्षावं.

छपरावर किंवा बॉनेटवर उन्हानं सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघत असतील, पांढरट बेटं दिसत असतील, तर क्लिअर कोट मेला. त्यावर जगातलं कोणतंही पॉलिश चालत नाही, उलट पॅड कडेत अडकून बेट मोठं होतं. रंगाखाली फुगे दिसले तर तो आतून आलेला गंज. पॉलिशनं फुगा फुटून खाली भोक निघाल्याचं मी पाहिलंय. गंजाचं निमित्त निघालंच आहे तर दारांच्या तळाशी असलेली पाणी वाहून जाण्याची छोटी भोकं तपासा. ती चिखलानं बुजली की दाराच्या पोटात पाणी साठतं आणि पत्रा आतून कुजतो. एक काडी आणि पाच मिनिटं. गाडीचं आयुष्य वाढवण्यात या पाच मिनिटांचा वाटा दोन दिवसांच्या पॉलिशपेक्षा मोठा असू शकतो.

एकेरी रंगाची लाल गाडी गुलाबी झाली असेल तर मात्र आशा सोडू नका. तिथे रंगद्रव्यावरचा वरचा थर ऑक्सिडेशननं मेलेला असतो, खाली लाल जिवंत असतो. सौम्य पॉलिश, वारंवार बदललेलं पॅड, आणि धीर. या कामात मिळणारा आनंद क्लिअर कोटच्या गाडीवर कधी मिळत नाही.

पिवळे हेडलाइट

हा भाग वेगळा काढतो, कारण जुन्या गाडीचा चेहरा यानं सगळ्यात जास्त बदलतो आणि रात्रीच्या उजेडाचाही प्रश्न आहे. अलीकडच्या दशकांतले हेडलाइट काचेचे नसतात, पॉलीकार्बोनेट प्लास्टिकचे असतात. ते प्लास्टिक अतिनील किरणांनी पिवळं पडतं, म्हणून त्यावर कारखान्यातच कडक संरक्षक लेप देतात. वर्षानुवर्षांनी तो लेप तुटतो आणि पिवळेपणा, धूसरपणा सुरू होतो. उपाय म्हणजे उरलेला लेप पूर्ण काढणं. भोवती जाड टेप लावा. 800 नंबरचा वॉटर पेपर पाण्यासकट, मग 1500, मग 2000, मग 3000. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे चरे पूर्ण जाईपर्यंत, आणि दिशा बदलत. सुरुवातीला पिवळसर पाणी ओघळतं, ते स्वच्छ पांढरं झालं की जुना लेप गेला. मग कंपाउंड, मग पॉलिश. दिवा लख्ख होतो.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि थोड्याच महिन्यांत परत पिवळे दिवे घेऊन बसतात, कारण कारखान्याची छत्री त्यांनी काढली आणि नवी लावलीच नाही. हेडलाइटसाठीचं अतिनील-रोधक लॅकर किंवा कोटिंग त्याच दिवशी लावलं पाहिजे. टूथपेस्टनं हेडलाइट साफ होतात का? होतात, तीही एक बारीक घासणारीच पेस्ट आहे. छत्रीचा प्रश्न तसाच राहतो, एवढंच. डाग आतल्या बाजूनं असेल किंवा प्लास्टिकच्या आत बारीक तडे असतील तर बाहेरून कितीही घासून फरक पडत नाही.

खऱ्या काचेवरचे पाण्याचे हट्टी डाग सेरियम ऑक्साइडच्या पेस्टनं काढतात. रंगाचं कंपाउंड काचेवर बहुधा व्यर्थ जातं.

वरचं पांघरूण

घासून झाल्यावर रंग उघडा असतो, त्याला झाकायचं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांत ते सगळ्यात कडक, 80 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळणारं. दिसतं उबदार, पण उन्हापावसात काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतं, लावायलाही सोपं. सिरॅमिक कोटिंग सगळ्यात टिकाऊ, पण त्याच्याभोवतीचा गाजावाजा निम्मा कमी करून ऐकावा. ते चिलखत नाही. त्याचा थर मायक्रॉनच्या हिशेबातला, तो दगड अडवत नाही, कोरड्या फडक्याचे चरेही फारसे थोपवत नाही. घाण चिकटणं कमी होतं, धुणं सोपं होतं, हे मात्र खरं. लावताना वेळ चुकली तर वाळलेले पट्टे परत पॉलिश करूनच काढावे लागतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं सीलंट लावावं असं मी म्हणेन. कोणतंही घ्या, थर पातळ लावा. जाड थरानं जास्त संरक्षण मिळत नाही, पुसायला मात्र दुप्पट वेळ लागतो.

पांढरट पडलेल्या काळ्या प्लास्टिकला ट्रिम रिस्टोरर, टायरला टायर ड्रेसिंग, पण टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाला चुकूनही नाही. आतल्या भागात आधी व्हॅक्यूम, मग ओलसर फडकं. डॅशबोर्डवर तेलकट चमक नको, ती समोरच्या काचेत परावर्तित होते. इंजिनच्या कप्प्यात प्रेशरचं पाणी मारायचा मोह टाळावा. जुन्या वायरी आणि कडक झालेले कनेक्टर पाणी आत घेतात. ब्रश, पातळ क्लीनर आणि फडकं पुरे, तेही इंजिन थंड असताना.

मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांत धुऊ नयेत आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये. त्यानं तंतू बुळबुळीत होतात आणि पाणी शोषत नाहीत.

सगळं आवरल्यावर मी गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवतो: तारीख, कोणत्या भागावर कोणतं पॅड आणि कोणती पेस्ट, यंत्रानं मोजलेली आधीची आणि नंतरची जाडी. साध्या यंत्राचा आकडा दोन-तीन मायक्रॉन इकडे-तिकडे होतोच, पण दहा वर्षांच्या चार चिठ्ठ्या समोर असल्या की कोणता भाग आता पुन्हा घासायचा नाही ते कळतं. माझ्या सध्याच्या गाडीच्या चिठ्ठीवर डाव्या मागच्या दारापुढे लिहिलंय, ‘92. यापुढे फक्त वॅक्स.’